अकरा दहाचं बोट

सिंगापूरच्या शेंटन वे रस्त्यावर मला न ओळखणारा माणूस शोधून दाखवा, एक कॉफी माझ्याकडून! हे मी गेली नऊ वर्षं ऑफिसात सांगत आलोय आणि आजवर एकही कॉफी पाजावी लागलेली नाही. लिफ्टपाशी बसणारा वॉचमन, झेरॉक्सवाली, कस्टम्सच्या खिडकीतला तो चिंच खाल्ल्यासारख्या तोंडाचा कारकून, सगळे आपले. आणि सगळ्यांच्या वर म्हणजे फू काका.

फू काकांचा गाळा आमच्या ऑफिसमागच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात. हैनानी करी राइस, म्हणजे चीनच्या हैनान बेटावरून आलेल्या लोकांचा रस्साभात. ताटात भात, त्यावर बिस्किटांचा चुरा लावून तळलेला, कात्रीनं कचाकचा कापलेला पोर्क चॉप, बाजूला शिजून शिजून सगळा अहंकार सोडून दिलेला कोबी, अर्धं अंडं, आणि मग तीन पातेल्यांतले तीन रस्से एकावर एक. ताट दिसतं असं, की कुणीतरी आधीच जेवून उठलंय. आणि चव अशी, की तुम्हाला उठवत नाही. पाच डॉलरात! समोरच्या काचेच्या टॉवरमध्ये पाच डॉलरात नुसती लेट्यूसची पानं मिळतात, तीही मोजून.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. मी यॅप किम सेंग, जहाजाच्या मालाची कागदपत्रं सांभाळणारा सीनियर कारकून. रोज अकराला मी कस्टम्समध्ये कागद द्यायला निघतो. तिथलं काम जाऊन-येऊन दहा मिनिटांचं. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी फू काकांच्या काचेसमोर असतो. त्या वेळी तिथे चिटपाखरू नसतं. मी निवांत जेवतो, दोन कॉफ्या घेतो, आणि बाराला घाम पुसत ऑफिसात येतो. कस्टम्सला काय गर्दी होती म्हणून सांगू!

मग साडेबाराला सगळं ऑफिस जेवायला खाली जातं, आणि मी बूट काढून खुर्चीत डुलकी काढतो.

हे सगळं सुरळीत चालू होतं. पण आमच्याकडे एक क्वेक आहे. तोही सीनियर कारकून, माझ्याच वयाचा, आवाज मऊ, प्रश्न टोकदार. एकदा तो म्हणाला, "यॅप, तू जेवतोस कधी रे?"

मी म्हटलं, येताना दोन मिनिटं. फू काका माझं ताट तयार ठेवतात. आपल्याला रांग नसते.

बस. इथे ते खोटं जन्माला आलं. आणि खोट्याचं मांजराच्या पिल्लासारखं असतं, एकदा दूध घातलं की ते घरचंच होतं. वर्षभरात फू काका माझे जुने स्नेही झाले. दोन वर्षांत घरचे झाले. माझ्या मुलाला महिना झाला तेव्हा वाटायची लाल अंडीसुद्धा फू काकांनी स्वतःच्या हातांनी उकडून, रंगवून पाठवली, असं मी एका बेसावध क्षणी सांगून बसलो!

खरं सांगू? नऊ वर्षांत आमच्यात नऊ शब्द झाले नव्हते. मी काचेवरून बोट दाखवायचं, त्यांनी कापायचं, वाढायचं, ढकलायचं. त्या माणसानं एकदाही मान वर केली नव्हती. त्यांच्या टकलावरचा तीळ मी चित्रात काढून दाखवीन, पण त्यांचे डोळे कसे आहेत ते मला माहीत नव्हतं.

तर अशा वेळी आमच्याकडे नव्या साहेबीण आल्या, मॅडम सिम. बारीक बांधा, बारीक चष्मा, आणि बोलणं त्याहून बारीक. सोमवारी त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की अर्धं ऑफिस तुआसला हलणार. तुआस म्हणजे बेटाचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. पुढे समुद्र, मागे क्रेन, मध्ये एक मशीन, आणि त्या मशीनमध्ये गारठलेलं सँडविच. दोन सीनियर कारकुनांपैकी एक तिकडे जाणार, एक इथे राहणार. मी किंवा क्वेक. निर्णय शुक्रवारी.

मला दरदरून घाम फुटला. तुआसला अकरा दहाला मी काय करायचं? क्रेन बघायच्या?

मॅडम म्हणाल्या, इथे जो राहील त्याला आजूबाजूची माणसं ओळखत असायला हवीत, इथलं काम ओळखीवर चालतं. हे ऐकून माझी छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं बटण कुरकुरलं. तेवढ्यात क्वेक त्याच्या त्या मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, यॅपला तर फू काका ताट राखून ठेवतात."

मॅडमनी चष्मा काढला. तो पुसला. परत घातला. "हैनानी करी राइस? गुरुवारी जाऊ. सगळेच जाऊ. रांग नसेल ना, मिस्टर यॅप?"

"छे!" मी म्हणालो. माझ्याच तोंडून!

घरी ग्योक लानला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की नऊ वर्षांत एकदा हसून त्या माणसाची चौकशी केली असती तर आज ही वेळ आली नसती. मग दया येऊन तिनं उपाय सुचवला. मोठी, देठापानांसकट संत्री घेऊन जा. दोन्ही हातांनी दे. मोठ्या माणसाला एका हातानं काही द्यायचं नाही. नाव सांग. एवढं केलंस की दगडालाही तू लक्षात राहशील.

बुधवारी अकरा दहाला मी संत्र्यांची पिशवी दोन्ही हातांत धरून, कंबरेत वाकून काचेसमोर उभा राहिलो. म्हटलं, "काका, मी यॅप. रोज येतो मी तुमच्याकडे."

टक्कल हललं नाही. कात्री चालू. "सगळे रोज येतात. काय घालू?"

"काही नको. ही संत्री."

"फळं पलीकडच्या गाळ्यावर द्या," काका म्हणाले आणि त्यांनी आत ओरडून सांगितलं, "अगं, ज्यूसवाल्याचा माल आलाय, सही करून टाक."

आतून काकू आल्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, शेजारच्या ज्यूसवाल्याकडे दिली, आणि मला एक पावतीही आणून दिली. बारा संत्री, माल मिळाला. पाच मिनिटांनी माझ्याच संत्र्यांचा ज्यूस कुणीतरी तिसराच पीत होता. त्या दिवशी मी उपाशी परतलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

ऑफिसात आलो तर रोझनानं माझा चेहरा ओळखला. रोझना आमची हिशेबनीस, मनानं चांगली, डुकराचं खात नसल्यामुळे उद्याच्या मोहिमेत नव्हती, त्यामुळे सल्ला द्यायला मोकळी होती. तिचं म्हणणं, ओळखीचं काय व्हायचं ते होईल, निदान मॅडमसमोर रीत तरी पाळ. काचेवर बोट नाचवत ‘हे द्या, ते द्या’ करणं गावंढळ दिसतं. आमच्या मलाय लोकांत मोठ्यांसमोर तर्जनी दाखवत नाहीत, मूठ मिटून अंगठ्यानं दाखवतात. त्यातून तुझं ते बोट! तू मीटिंगमध्ये पडद्याकडे दाखवतोस आणि आम्हाला वाटतं क्वेककडे दाखवतोयस.

हे मात्र खरं होतं. दुसरीत असताना माझी उजवी तर्जनी बसच्या दारात सापडली होती. तेव्हापासून ती शेवटच्या पेरापाशी डावीकडे वळते. सरळ बोटानं तूप निघत नाही म्हणतात. माझं बोट जन्मभर तयारीतच आहे, तूप मात्र अजून निघायचंय.

तर मी आरशासमोर अंगठ्याची तालीम केली. अंगठा कोबीकडे. अंगठा अंड्याकडे. मुलगा विचारत होता, बाबा कुणाला टॅक्सी थांबवताय?

गुरुवार. साडेबारा. मॅडम, क्वेक, ऑफिसातले आठ जण आणि मी असे आम्ही दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि मी जागच्या जागी थिजलो. साडेबाराची रांग मी नऊ वर्षांत कधी पाहिलेलीच नव्हती! गाळ्यापासून निघून ती खांबाला वळसा घालून, सरकत्या जिन्यापर्यंत आली होती. चाळीस तरी माणसं. गळ्यात ऑफिसचे पट्टे, पोटात आग.

"आपल्याला रांग नाही ना?" मॅडमनी विचारलं.

मी छाती काढून थेट काचेपाशी गेलो. चाळीस जणांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. या शहरात तुम्ही कुणाची सासू पळवलीत तर एकवेळ चालेल, पण रांग मोडायची नाही. पुढून तिसऱ्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मामा, शेपूट तिकडे जिन्यापाशी आहे."

मी म्हटलं, माझं राखून ठेवलंय.

"कुणी?" हे काचेमागून. मान खाली, कात्री चालू. "इथे कुणाचं काही राखत नाही. रांगेत या."

मी परत आलो तेव्हा आमचे आठही जण आपापल्या बुटांकडे बघत होते. मी मॅडमना हळूच समजावलं की काका लोकांसमोर दाखवत नाहीत, पक्षपात दिसतो. मॅडमनी मान डोलवली आणि घड्याळात पाहिलं. क्वेक म्हणाला, मोठी माणसं अशीच असतात.

पंचवीस मिनिटं आम्ही रांगेत होतो. पुढे मी, मागे मॅडम, त्यांच्यामागे क्वेक. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात तुआसचं घर लावलं, मशीनमधलं सँडविच खाल्लं, आणि रिटायरसुद्धा झालो.

आमची पाळी आली. मी जमेल तेवढ्या जिव्हाळ्यानं म्हणालो, "काका, नेहमीचं."

"इथे सगळं नेहमीचंच असतं. काय घालू?"

मी मूठ मिटली, अंगठा काढला, आणि अदबीनं कोबीकडे नेला.

कात्री क्षणभर घुटमळली. "हा अंगठा कशाला? कोबी हवाय की अंगठा उठवायचाय?"

"कोबी," मी म्हणालो.

"पहिल्यांदाच आलाय वाटतं. चटकन बोला, मागे लोक आहेत."

आमच्या आठांपैकी कुणीतरी खोकला. तो खोकला नव्हता हे मला चांगलं कळलं. क्वेक मॅडमना सांगत होता, "लाल अंडी यांनीच उकडली होती, यॅपच्या मुलाच्या वेळी."

"कसली लाल अंडी?" काकांनी विचारलं. "माझ्याकडे काळीच असतात, सोया सॉसमधली. अर्धं की अख्खं?"

माझ्या कानांतून वाफ निघत होती. काहीतरी सावरायचं म्हणून मी मॅडमकडे वळून कुजबुजलो की हल्ली काकांना जरा कमी दिसतं.

पण ऐकू मात्र सगळं येतं!

"कुणाला कमी दिसतं?" काका म्हणाले. मान तेव्हाही खालीच. "मी अजून सुईत दोरा ओवतो." आणि शिक्षा म्हणून की काय, त्यांनी पोर्क चॉपचा मधला, गुळगुळीत, सपक तुकडा उचलून माझ्या भातावर टाकला.

मंडळी, मी सगळं सोसलं असतं. रांग सोसली, अंगठा सोसला, संत्री सोसली. पण मधला तुकडा! नऊ वर्षं मी त्या चॉपचं टोक खातोय. कडेचं, जिथे बिस्किटाचा चुरा जरा करपतो आणि चरबी कुरकुरीत होते, ते. समोर ताटलीत ते टोक पडलेलं होतं, आणि हा माणूस मला मधला तुकडा घालत होता. माझी नोकरी, मॅडम, रोझनाची रीत, सगळं डोक्यातून उडालं.

"ते नको, ते टोक द्या, करपलेलं!" मी म्हणालो आणि काचेवरून हात लांबवून तर्जनी थेट त्या टोकावर रोखली.

कात्री थांबली.

चाळीस माणसांच्या रांगेसमोर फू काकांची कात्री हवेत थांबली. काकांनी बोटाकडे पाहिलं. मग बोटामागच्या हाताकडे. मग हळूहळू, गंजलेलं झाकण उघडावं तशी, त्यांची मान वर आली. त्यांचे डोळे घारे आहेत.

"वाकडं बोट," काका म्हणाले. आणि आत वळून, "अगं, बाहेर ये. अकरा दहावाला आलाय. बघ, तोंड असं आहे त्याचं."

काकू हात पुसत आल्या. मला वरून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "हा? मला वाटलं होतं उंच असेल."

मग काकांना जे बोलणं सुटलं, ते नऊ वर्षांचं तुंबलेलं होतं. म्हणाले की तोंडं बघायला कुणाला वेळ आहे, आणि मधली दोन वर्षं तर सगळ्यांची तोंडं मास्कमध्येच होती. काचेवरून बोटं येतात, आपण बोटं ओळखतो. नेलपॉलिशवालं बोट, अंगठीवालं बोट, नखं खाल्लेलं बोट. पण हे वाकडं बोट म्हणजे घड्याळ. हे आलं की मी दुपारचा दुसरा भात लावतो.

मी मागे वळून मॅडमकडे पाहिलं. ओळखतात! बघा, ओळखतात! माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला इथेच थांबता आलं असतं. देवानं मला इथेच थांबवायला हवं होतं.

"किती वाजता येतात?" मॅडमनी बारीक आवाजात विचारलं.

"अकरा दहा," काका अभिमानानं म्हणाले. "सोमवार ते शुक्रवार, नऊ वर्षं. एक मिनिट इकडे तिकडे नाही. पुढे पाऊण तास बसतो तिथे पंख्याखाली. दोन कॉफ्या घेतो. अशी शिस्त आजकाल कुठे राहिलीय?"

रांगेतले चाळीस जण आता जेवण विसरले होते.

"मार्चमध्ये आठवडाभर आला नाही," काकू म्हणाल्या. "मी यांना म्हटलं, गेलं वाटतं ते बोट. दोन दिवस यांनी ते टोक कुणालाच दिलं नाही."

"आणि दिवाळीच्या आधीच्या सोमवारी दोनदा आला," काकांनी आठवण काढली. "दोन्ही वेळा रस्सा जास्त."

"त्या सोमवारी तू रजेवर होतास ना?" क्वेकनं विचारलं. "पोट बिघडलं म्हणून?"

मला हवी होती ती ओळख फू काकांनी भरभरून दिली. करीसारखी. हव्या त्यापेक्षा तीन पळ्या जास्त, आणि ताटाबाहेर ओघळेपर्यंत.

माझ्या ताटात दोन टोकं पडली. रस्सा डोंगरासारखा. आम्ही पंख्याखालच्या टेबलावर बसलो. माझंच टेबल ते. आठही जण मान खाली घालून जेवत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मॅडमनी कोबी संपवला, अंडं संपवलं, चमच्यानं ताटातला शेवटचा रस्सा निपटून घेतला. मला घास गिळवत नव्हता. करपलेलं टोक समोर होतं आणि घास गिळवत नव्हता, यावरून काय ते समजा.

शेवटी मॅडमनी तोंड पुसलं. "ते तुम्हाला ओळखतात. एवढं खरं बोललात तुम्ही."

मी म्हणालो, मॅडम, मी तुआसला जायला तयार आहे.

"तुआसला क्वेक जाणार आहेत. सोमवारीच त्यांनी लिहून दिलंय. ते तिकडेच पश्चिमेला, बून ले भागात राहतात, त्यांना तिथून बसनं दहा मिनिटं."

मी क्वेककडे पाहिलं. तो मऊसूत हसला.

"मग आज हे सगळं कशासाठी?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण फार लांबून आला.

मॅडम पहिल्यांदाच जरा मोठ्यानं बोलल्या. त्यांचे आजोबा हैनानचे, इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर स्वैपाकी. रविवारी घरी असंच ताट असायचं, असाच चिखल. ते गेल्यापासून त्यांनी हे खाल्लं नव्हतं. "इथली रांग बघून दोनदा परत गेले होते. तुम्ही म्हणालात रांग नसते. म्हणून आले."

एवढंच! माझं तुआस, माझी संत्री, माझा अंगठा, सगळं एका बाईला रांगेत उभं राहायचा कंटाळा आला होता म्हणून!

पण मॅडम बारीक चष्म्याच्या आहेत. उठता उठता त्यांनी निकाल सांगितला. मिस्टर यॅप अकरा दहाला इथे येतातच, त्या वेळी रांग नसतेच, तर सोमवारपासून त्यांनी यादी घ्यावी आणि सगळ्या ऑफिसचं जेवण बांधून आणावं. दहा पुडकी. कॉफीसाठी थांबायचं नाही. आणि साडेबाराला सगळे जेवत असताना त्यांनी फोन घ्यावेत, बूट घालून.

बूट कसे कळले? क्वेक. दुसरं कोण!

तर सोमवारी अकरा दहाला मी यादी दोन्ही हातांत धरून काचेसमोर उभा राहिलो. आता ओळख झालेली. मी हसलो. टक्कल हललं नाही. मी यादी वाचत गेलो: एकाला कोबी नको, दोघांना अंडं अख्खं, मॅडमना रस्सा जास्त. काका कापत गेले, बांधत गेले, आणि पुडकी पिशव्यांत घालून काचेवरून देत गेले. मी पिशव्या घेत गेलो. सगळी बोटं पिशव्यांच्या बंदांनी भरली, तर्जनी पार आत दबली.

शेवटी म्हटलं, "आणि एक माझं. ते करपलेलं टोक घाला त्यात."

"ते नाही मिळायचं," काका म्हणाले. मान खाली. कात्री चालू. "ते राखून ठेवलंय. आमच्या ओळखीचा एक जण येतो अकरा दहाला." मग घड्याळाकडे बघत आत ओरडून म्हणाले, "अगं, आज आला नाही गं अजून. बरं नसेल का त्याला?"

मी दहा पिशव्यांसकट हात वर करायचा प्रयत्न केला. अंगठा तेवढा वर झाला.